मागाचा आवाज ओळखणारा मुलगा आणि 82 हा आकडा

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. घरालगतच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग आहेत. घरात तेलुगू बोलतात, मुलगा मराठी शाळेत सहावीला आहे. शाळेने सांगितलं म्हणून त्यांनी बुद्धिमापन चाचणी करून घेतली. बुद्ध्यांक 82 आला. शाळेत त्यांना ऐकवलं गेलं, "याला अभ्यास झेपणार नाही, धंद्यालाच लावा." पण हाच मुलगा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो, "नान्ना (बाबा), तिसरा माग बिघडणार," आणि तो खरंच बिघडतो. त्यांनी विचारलंय: "मॅडम, बुद्धी म्हणजे नेमकं काय? माणसाला ती कशासाठी मिळालेली असते? आणि आमच्या पोराला ती कमी आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची झोप त्याच प्रश्नाने उडालेली असणार. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. त्यावरून तुमच्या मुलाला बुद्धी कमी आहे असं मी म्हणणार नाही. त्याला अडचण नाही, असंही म्हणणार नाही. अडचण आहे, आणि ती कुठे असावी याची खूण त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे. ते पान तुम्हाला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

तुमच्या मुलाला दिलेली चाचणी मालिन यांची आहे. डॉ. मालिन यांनी नागपुरात राहून ती भारतीय मुलांसाठी बेतली. तिचे दोन भाग असतात. एका भागात शब्दांची कामं: सामान्य माहिती, शब्दांचे अर्थ, तोंडी गणितं, ऐकलेले आकडे तसेच परत म्हणणं. दुसऱ्या भागात हातांची आणि डोळ्यांची कामं: ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, चित्रात काय राहिलंय ते ओळखणं, भूलभुलैयातून वाट काढणं. तुमच्या मुलाचा शब्दांचा गुणांक 73 आहे आणि कृतींचा 91. दोन्हींची सरासरी 82. वरच्या पानावर ठळक छापलेली ही सरासरी कुठल्याच खऱ्या गोष्टीबद्दल बोलत नाही. एका पायाला दहा नंबरची चप्पल आणि दुसऱ्याला सहाची लागत असेल, तर माणसाला आठ नंबरची घ्या असं कुणी सांगत नाही.

91 म्हणजे अगदी साधारण, चारचौघांसारखी कुवत. शंभर मुलांपैकी जवळजवळ 68 मुलं 85 ते 115 च्या दरम्यान येतात. 73 मात्र खाली आहे. दोन भागांत अठराचा फरक आढळला की माझ्या मनात पहिले दोन प्रश्न येतात: मुलाला चाचणी कुठल्या भाषेत दिली, आणि मुलाला नीट ऐकू येतं का? या दोन्हींकडे मी परत येईन. आधी तुमचा मोठा प्रश्न घेते. तो सोडून नुसती डॉक्टरी सांगितली तर 82 हा आकडा तुमच्या डोक्यातून जायचा नाही.

बुद्धी मोजायची कल्पना आली कुठून? 1904 मध्ये फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शाळा सक्तीची झाली होती, सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली होती, आणि काही मुलं मागे पडत होती. त्यांच्यातल्या कुणाला जादा मदत लागेल हे ओळखायचं होतं. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांनी 1905 मध्ये तीस छोट्या कामांची एक चाचणी तयार केली. उद्देश होता मदत कुणाला द्यायची ते शोधण्याचा. बुद्धी ही जन्मभरासाठी ठरून गेलेली वस्तू आहे असं मानणाऱ्यांचा बिने यांनी स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. सरावाने आणि शिकवणीने ती वाढते, असं त्यांचं मत होतं. 1911 मध्ये ते वारले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीच्या श्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे चाचणीवरून ठरणाऱ्या वयाला, खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली. 1916 मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणलं आणि आज आपण ज्याला आयक्यू किंवा बुद्ध्यांक म्हणतो तो आकडा रूढ झाला. मदतीसाठी काढलेली यादी माणसाच्या कपाळावरचा शिक्का व्हायला फार वर्षं लागली नाहीत. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच घडलंय, म्हणून हा इतिहास सांगितला.

आपल्या भागातही हे काम जुनं आहे. 1930 च्या दशकात डॉ. कामत यांनी बिने यांची चाचणी इथल्या मुलांसाठी बसवली, आणि ती त्यांनी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतल्या मुलांवर बसवली. मुंबई इलाख्याच्या सीमेवरचं मूल एकाच भाषेत मोजून चालणार नाही, हे त्यांना नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. सोलापुरात तर एका गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू नांदतात. शाळेतलं मूल मात्र आपण मराठीतच मोजतो, आणि त्याला उत्तर आलं नाही की डोक्यात नाही असं धरतो.

बुद्धी म्हणजे काय, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. आपली भाषाही ते देत नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मराठीत हुशारी वेगळी, अक्कल वेगळी, समज वेगळी, शहाणपण वेगळं. पहिल्या नंबराने पास होणाऱ्या मुलाला आई "तुला अक्कल नाही" म्हणते, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. न शिकलेल्या आजीला गल्ली शहाणी म्हणते. चाचणीत जे मोजलं जातं ते बहुतांशी हुशारी या शब्दाच्या जवळचं असतं: नवी रचना पटकन ओळखणं, डोक्यात दोन-तीन गोष्टी धरून त्यांच्याशी काम करणं, शब्द आणि माहिती साठवून ठेवणं. हे खोटं नाही. एका प्रकारच्या कामात चांगली असणारी मुलं बहुधा दुसऱ्यातही चांगली असतात, हे 1904 मध्ये स्पिअरमन यांनी दाखवलं आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा दिसत आलंय. शाळेतल्या यशाशीही बुद्ध्यांकाचा बऱ्यापैकी संबंध असतो. तेव्हा "आकड्याला काही अर्थ नाही" अशी खोटी समजूत मी तुमची काढणार नाही. तो आकडा त्या दिवशी, त्या भाषेत, त्या खोलीत मुलाने काय करून दाखवलं ते सांगतो. पाचेक गुण इकडे किंवा तिकडे धरूनच तो वाचायचा असतो.

भाषेचा आणि शाळेचा यात किती हात असतो, त्याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. 1931 आणि 1932 मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. शाळा न पाहिलेल्या बायकांना त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी दिल्या आणि एकसारख्या रंगांचे गट करायला सांगितलं. त्या बायका भरतकामात तरबेज होत्या. त्यांनी रंगांना नावं दिली ती पिस्त्याची, पीचची, फुललेल्या कापसाची. गट करायला मात्र त्यांनी नकार दिला: यातला एकही दुसऱ्यासारखा नाही, म्हणाल्या. परीक्षकाच्या लेखी त्या नापास. पण आपल्या चाटी गल्लीत साडीच्या दुकानात बसलेल्या बाईला विचारून बघा, आमसुली आणि वांगी एकच का? तीही तेच सांगेल. तिची नजर जास्त बारीक आहे, म्हणूनच ती गट करत नाही. लुरियांना आणखी एक गोष्ट आढळली. थोडंसं शालेय शिक्षण मिळालेली माणसं वेगळी उत्तरं देऊ लागत होती. मेंदू तोच, सवय नवी.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातलं 1985 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम तर थेट आपल्या मंडईतलं वाटतं. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलाला संशोधकांनी गिऱ्हाईक बनून विचारलं: एक नारळ 35 चा, दहा कितीला? मुलगा म्हणाला, तीनचे 105, आणखी तीनचे मिळून 210, आणखी तीनचे 315, वर एक, 350. बाजारात या मुलांची जवळजवळ 98 टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच मुलांना तीच गणितं कागदावर दिली तर फक्त 37 टक्के. यावरून बरेच जण म्हणतात, मग कागद फेकून द्या. मी उलटं म्हणते. ज्याला बाजारात जमतं त्याला कागदावर जमवून देणं ही शिकवणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडता येते, एवढाच त्याचा पुरावा आहे.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. तुम्हाला कुणीतरी नक्की म्हणेल, "काळजी करू नका, याची बुद्धी हातात आहे, याला मागावर बसवा." बुद्धीचे सात-आठ प्रकार असतात आणि प्रत्येक मूल कुठल्या तरी प्रकारात हुशार असतं, ही कल्पना 1983 पासून लोकप्रिय आहे. ऐकायला गोड लागते, पण तिला भक्कम आधार सापडलेला नाही. आणि आपल्याकडे तिचा उपयोग कसा होतो ते मी पाहत आलेय: डॉक्टरच्या मुलाला "हाताची बुद्धी" असल्याचं कुणी सांगत नाही, ती विणकराच्याच मुलाला असते. आवाजावरून माग ओळखणारा मुलगा बारीक फरक टिपतो, तो लक्षात ठेवतो, त्यावरून पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो आणि तो खरा ठरतो का ते तपासतो. इंजिनिअर हेच करतो. डॉक्टर छातीवर नळी लावून हेच करतो. हे धंद्याचं कसब म्हणून बाजूला सारू नका. ही विचार करण्याचीच कुवत आहे, फक्त तिला अजून शब्द मिळालेले नाहीत.

आता बुद्धी कशासाठी, हे. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ मुलं तपासतेय आणि या प्रश्नाला माझं उत्तर हळूहळू बदलत गेलंय. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण बसल्या जागी शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो खातो. पाच-सहा वर्षांच्या मुलात तर शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या जवळपास मेंदूच घेतो. एवढं महागडं इंजिन निसर्गाने कशासाठी पोसलं असेल? पूर्वी मी म्हणायचे, कोडी सोडवायला, अडचणीतून वाट काढायला. ते अर्धंच खरं आहे. 2007 मध्ये एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. अडीच वर्षांची शंभरावर मुलं, तेवढेच चिंपांझी आणि काही ओरांगउटान यांना एकसारखी कामं दिली. वस्तू कुठे ठेवली ते लक्षात ठेवणं, कमी-जास्त ओळखणं, कशामुळे काय होतं ते समजणं यात मुलं आणि चिंपांझी जवळपास सारखेच निघाले. मुलं फार पुढे गेली ती एकाच बाबतीत: दुसऱ्याने करून दाखवलेलं पाहून शिकणं, बोट दाखवल्यावर त्याचा अर्थ कळणं, समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडणं.

अडीच वर्षांचं पोर एकट्याच्या अकलेवर चिंपांझीपेक्षा फारसं सरस नसतं. ते दुसऱ्याकडून घेऊ शकतं, तिथे ते माणूस होतं. आपल्या शहरात हे समजावायला दूर जावं लागत नाही. जॅकार्डच्या चादरीवरचा मोर एका माणसाच्या डोक्यातून उतरलेला नसतो. कुणी तो ग्राफवर काढतो, कुणी त्याची कार्डं पंच करतो, कुणी ताणा लावतो, कुणी कांड्या भरतो. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये झाकार (जॅकार्ड हे नाव त्यांचंच) यांनी भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला. त्या कार्डांवरून पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेज यांना गणित करणारं यंत्र कार्डांवर चालवायची कल्पना सुचली, आणि 1890 ची अमेरिकेतली शिरगणतीही पंच कार्डांवर मोजली गेली. त्या मागाच्या साखळीत आज तुमचा मुलगा झोपतो. माणसाची बुद्धी अशी हातोहात पुढे देण्यासाठी आहे, असं आता मला वाटतं. ती एका डोक्यात मावत नाही आणि एका डोक्यात वाढतही नाही.

म्हणून तुमच्या मुलाबाबत मी विचारते: देवाणघेवाणीची वाट कुठे तुंबलीय?

पहिली जागा कान. ज्या शेडमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तिथला आवाज बहुधा कानाला अपाय होईल इतका असतो. शिवाय मुलांचे कान फुटतात, वाहतात, पडद्यामागे पाणी साचतं, आणि मूल "ऐकत नाही" म्हणून मार खातं. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नव्याने काम सुरू केलं तेव्हा विड्या वळणाऱ्या एका बाईने मुलाला माझ्याकडे आणलं होतं. मी त्याला मराठीत चाचणी दिली, शब्दांत तो फार कमी पडला, आणि मी तसा रिपोर्ट लिहिला. पुढे वर्षभराने कळलं की त्याच्या दोन्ही कानांत दोष होता. तोवर त्याची शाळा सुटली होती. त्या बाईने मला काही दोष दिला नाही, पण तेव्हापासून कान तपासल्याशिवाय मी कुठल्याही मुलाच्या रिपोर्टवर सही करत नाही. तुम्ही सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात जाऊन त्याची ऐकण्याची तपासणी करून घ्या. हे सगळ्यात आधी. डोळे त्याच दिवशी तपासून घ्या.

कान ठीक निघाले तरी आवाजाचा प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेला लागून उंचावरून रेल्वे जायची. 1975 मध्ये तिथे दिसून आलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, वरच्या वर्गांत तर जवळजवळ एक वर्षाने. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली, आणि 1981 च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. मुलं तशीच होती, आवाज तेवढा गेला होता. माग बंद करा असं मी सांगू शकत नाही, त्यावर तुमची चूल पेटते. पण संध्याकाळचा दीड तास त्याला मागापासून लांब, एखाद्या नातेवाइकाच्या घरी किंवा वाचनालयात बसता येईल का, ते बघा. आणि अंथरूण शेडच्या भिंतीपासून हलवा. तिसरा माग बिघडणार हे त्याला रात्री कळतं, याचा एक अर्थ असाही आहे की तो गाढ झोपत नाही.

दुसरी जागा भाषा. शब्दांच्या भागाची चाचणी तेलुगू जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून पुन्हा करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. घरात तेलुगू बोलणं बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घरची भाषा तोडली की मूल दोन्हीकडून अर्धवट राहतं. त्याच्याशी तेलुगूत भरपूर बोला, गोष्टी सांगा, कारणं विचारा. ज्याच्याकडे एका भाषेत विचार आहे त्याला दुसऱ्या भाषेत शब्द देणं सोपं जातं.

तिसरी शक्यता वाचनातल्या अडचणीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची. तिची तपासणी वेगळी असते. ती निघालीच तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. पण आधी कान, मग भाषा, मग हे. क्रम उलटा करू नका.

रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एकदा पाहून घ्या. आयोडीनयुक्त मीठ वापरत असालच.

तुम्ही असंही विचारलंय की बुद्धी रक्तातून येते का, कारण "आमच्यात कुणी शिकलेलं नाही." काही अंशी येते. पण मालदांडी ज्वारीचं एकच बी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आणि मुरमाड माळावर टाकलं तर कणसं सारखी येत नाहीत, आणि त्यात बियाचा दोष काढणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. 1932 ते 1978 या काळात अमेरिकनांचा सरासरी बुद्ध्यांक जवळजवळ 14 गुणांनी वाढल्याचं संशोधक फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवलं. 46 वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि जगण्याची रीत बदलते. नुसत्या शाळेचाच हिशेब पाहिला तर सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2018 मध्ये असं निघालं की शिक्षणाचं एकेक वर्ष बुद्ध्यांकात 1 ते 5 गुणांची भर घालतं. "झेपणार नाही, शाळेतून काढा" या सल्ल्याचा अर्थ काय होतो, ते यावरून तुमच्या लक्षात येईल. ज्याने गुण वाढतात तेच काढून घ्यायला तुम्हाला सांगितलं गेलंय.

शाळेत जाल तेव्हा रिपोर्टचं दुसरं पान उघडून 91 आणि 73 हे दोन्ही आकडे दाखवा. पहिल्या बाकावर, फळ्यासमोर जागा मागा. तोंडी सांगितलेलं फळ्यावर लिहून द्यावं अशी विनंती करा. भांडू नका, पण लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि आज रात्री एक करा. मुलाला जवळ घेऊन विचारा, तिसरा माग बिघडणार हे तुला कशावरून कळतं, आवाजात नेमकं काय बदलतं? तेलुगूत सांगू दे, हवा तेवढा वेळ घेऊ दे. ठोका मागे पडतो का, धोट्याचा आवाज बदलतो का, जे असेल ते. तुम्ही खाली वहीत मराठीत लिहून घ्या, तो सांगेल त्याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी ती वही त्याला वाचायला द्या आणि तुमचं कुठे चुकलंय ते दुरुस्त करायला सांगा. ती वही घेऊन पुढच्या तपासणीला जा, रिपोर्टच्या बरोबरीने टेबलावर ठेवा.